आईचं वजन, एमबीमध्ये

आईच्या लेखांची वेबसाइट करायची, तर होस्टिंगला जागा किती घ्यावी? हिशेब मांडला. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं. काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या. ३०० लेख, प्रत्येकी साधारण ६,००० चिन्हं: जेमतेम साडेपाच एमबी. चाळीस वर्षांचं लिहिणं! उलट तिच्या बोलण्याची तासाभराची एक कॅसेट, १२८ केबीपीएसच्या एमपी-थ्रीत, ५८ एमबी. अशा बारा, म्हणजे ७०० एमबी. दादा म्हणाला, "लेख पुरेत की, कॅसेटी कशाला?" पण लेखातली आई नीटनेटकी आहे; शब्द शोधत अडखळणारी, मध्येच खुदकन हसणारी आई फक्त कॅसेटीत आहे. फोटोंना २०० एमबी धरले, बॅकअपसाठी दुप्पट केली आणि दोन जीबी घेतली.