बांधला की बांधून घेतला?

इंग्रजीच्या तासाला सरांनी भाषांतरासाठी वाक्य दिले : "थोरल्या बाजीरावांनी शनिवारवाडा बांधला." मी फळ्यावर 'बिल्ट' लिहिले. सर म्हणाले, "थापी स्वतः बाजीरावांच्या हातात होती काय रे?" वर्ग हसला. मला हसू आले नाही. आमचे आबा गवंडी.

नुसते 'बिल्ट'ही चालते, हे सरांनीच मग मान्य केले. पण काम दुसऱ्याकडून करून घेतले असे सांगायचे, तर 'हॅड द वाडा बिल्ट'. वाडा मधेच हवा. तो शेवटी ढकलून 'हॅड बिल्ट द वाडा' म्हटले, की अर्थ 'आधीच बांधला होता' असा होतो. एका शब्दाची जागा हलली आणि गवंडी वाक्यातून गेला! (मराठीतही 'बांधून घेतला' आहेच, आपल्या तोंडी येत नाही, इतकेच.) १७३० साली पाया घातला, १७३२ साली वाडा उभा राहिला. त्या दोन वर्षांत किती जणांचे हात चुन्याने फुटले असतील?

रात्री जेवताना विचारले, "आबा, स्टँडामागचा तो बंगला कुणी बांधला?"

"डॉक्टरांनी."

"आणि तुम्ही?"

"मी तिथं कामाला होतो की."

आबा पुन्हा जेवू लागले. भाकरी संपत आली तेव्हा म्हणाले, "दर्शनी कोपरा मात्र माझा. ओळंबा सोडून बघ कधी."