चाचांची विक्रांत

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांनी समुद्र पाहिला आहे? किनवटच्या आमच्या शाळेत मी हा प्रश्न विचारतो, तेव्हा दोन-तीनच हात वर होतात. आपल्याकडे सागाचे जंगल आहे, पैनगंगा आहे, इस्लापूरजवळ सहस्रकुंडाचा धबधबा आहे. समुद्र मात्र फार दूर! शब्दांची गंमत पाहा. उर्दूत 'दरिया' म्हणजे नदी. तोच शब्द मराठीत 'दर्या' झाला आणि त्याचा अर्थ झाला समुद्र. पैनगंगेच्या दरियाकाठचा एक मुलगा दर्यावर गेला आणि म्हातारपणी आपले जहाज पाहायला पुन्हा गेला, त्याची हकिकत तुम्हाला सांगतो.

आमच्या मोहल्ल्यात त्यांना सगळे 'फौजी चाचा' म्हणत. खरे म्हणजे ते नौदलात होते; पण किनवटमध्ये इतका बारीक फरक कोण करतो? 1971 च्या युद्धात ते 'विक्रांत' या जहाजावर होते. विक्रांत ही भारताची पहिली विमानवाहू युद्धनौका. तिची लांबी सुमारे 213 मीटर. 4 मार्च 1961 रोजी ती आपल्या नौदलात दाखल झाली. तिच्या पाठीवरून विमाने उडत आणि परत तिच्यावरच उतरत.

आम्ही मुले चाचांना घेरून विचारत असू, "चाचा, तुम्ही लढाईत काय काय पाहिले?" ते म्हणत, "मी लढाई पाहिलीच नाही. मी तबकडी पाहत होतो."

आमची मोठी निराशा होई. चाचांचे काम जहाजाच्या पोटात, बॉयलरच्या खोलीत होते. तेथे तेल जाळून पाण्याची वाफ करत आणि त्या वाफेवर इंजिने चालत. वाफेचा दाब तबकडीवर दिसे. काटा फार वर जाता कामा नये आणि फार खालीही येता कामा नये. तेथे ना आकाश दिसे, ना समुद्र. दिवस आहे की रात्र, हेही घड्याळ सांगे.

पण त्या वर्षी तबकडी पाहणे हे साधे काम नव्हते. विक्रांतला चार बॉयलर होते. 1970 साली त्यांच्या पाण्याच्या टाक्यांना बारीक तडे गेलेले आढळले. ते जोडकामाने भरून निघणारे नव्हते. नव्या टाक्या इंग्लंडहून मागवायच्या होत्या आणि युद्ध तर जवळ आले होते. शेवटी वाफेचा दाब कमी ठेवून जहाज चालवायचे ठरले. 1971 च्या चाचण्यांनंतर वेगाची मर्यादा ताशी 14 सागरी मैल ठेवण्यात आली. एरवी ती ताशी सुमारे 25 सागरी मैल जाऊ शके. तडा गेलेल्या हंडीखाली जाळ घालायचा आणि हंडी फुटू द्यायची नाही, असे ते काम होते. चाचा तेव्हा एकवीस वर्षांचे होते.

आता वाफेचे दुसरे काम ऐका. जहाजाची धावपट्टी विमानाला फार तोकडी पडते. म्हणून विमानाला पुढे फेकणारे एक यंत्र होते. त्याला कॅटापल्ट म्हणतात. तेही वाफेवरच चाले. 4 डिसेंबर 1971 रोजी सकाळी विक्रांतवरून सी हॉक जातीची आठ विमाने उडाली आणि त्यांनी कॉक्स बझारवर हल्ला केला. त्याच दिवशी चितगाववरही हल्ला झाला. वैमानिकांची नावे पुढे पुस्तकांत आली, आणि यायलाच हवीत. पण प्रत्येक विमान उडाले ते खालच्या वाफेच्या जोरावर.

मी बारावीत होतो, तेव्हा चाचांनी साठी गाठली होती. विक्रांत 31 जानेवारी 1997 रोजी सेवेतून निवृत्त झाली होती. मुंबईत तिचे संग्रहालय करायचे ठरले होते आणि 2001 पासून मधूनमधून ती लोकांना पाहायला खुली करत. "जहाज उघडले आहे," असे चाचांनी कोणाकडून तरी ऐकले. त्यांची नजर अधू झाली होती, म्हणून सोबतीला मी. नंदिग्राम एक्सप्रेसमध्ये खिडकीची जागा त्यांनी मला दिली.

गाडीत त्यांनी 'गाझी'ची गोष्ट सांगितली. ते आपल्या दखनी बोलीत बोलत. मी मराठीत सांगतो. गाझी ही पाकिस्तानची पाणबुडी. ती विक्रांतला बुडवायला आली होती. विक्रांत दूर अंदमानकडे लपली होती आणि विशाखापट्टणमजवळ 'राजपूत' नावाचे दुसरेच जहाज विक्रांतचे सोंग घेऊन संदेश पाठवत होते. एका खलाशाकडून 'आईची तब्येत कशी आहे' अशी घरगुती तारही मुद्दाम पाठवली होती, असे सांगतात. शत्रूने ती वाचावी म्हणून! 3 डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास गाझी विशाखापट्टणमजवळ बुडाली. ती कशाने बुडाली, याविषयी दोन्ही देशांचे म्हणणे वेगवेगळे आहे.

मी आनंदाने टाळी वाजवली. चाचा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्यांच्यातही इंजिनापाशी कोणीतरी असेल, बेटा. तोही तबकडीच पाहत असेल."

मी हात मांडीवर ठेवले.

जहाजावर खूप गर्दी होती. आत एका मोठ्या दालनात जुनी विमाने मांडली होती. मुले त्यांच्यापुढे उभी राहून फोटो काढत होती. चाचांनी सी हॉक विमान अगदी जवळून पाहिले. इतकी वर्षे जहाजावर राहून इतक्या जवळून त्यांनी ते क्वचितच पाहिले असेल. मग आम्ही वर गेलो. जहाजाचे टोक वर उचललेले पाहून ते थबकले. "ही चढण आमच्या वेळी नव्हती," ते म्हणाले. तेथे उभ्या असलेल्या नौसैनिकाने सांगितले, की पुढे सी हॅरियर विमानांसाठी ती चढण बांधली आणि वाफेचे कॅटापल्ट काढून टाकले.

चाचांनी त्याला विचारले, "बॉयलर पाहता येतील का?"

खालचे मजले लोकांसाठी बंद होते. शिड्या जुन्या झाल्या होत्या, अंधार होता. त्या नौसैनिकाला चाचा कोण हे समजले, तेव्हा त्याने त्यांना कडक सलाम केला. पण खाली नेता येणार नाही, असेही सांगितले. चाचांना त्याचे वाईट वाटले नाही. "बरोबर आहे. मी असतो तर मीही सोडले नसते," ते म्हणाले. मग त्यांनी चप्पल काढली आणि अनवाणी उभे राहिले. पूर्वी जहाज चालू असताना तळव्यांना बारीक थरथर लागे, आणि त्यावरून खाली सगळे ठीक आहे की नाही ते कळे. बराच वेळ ते तसेच उभे होते. लोक वळून पाहत होते. मला थोडे लाजल्यासारखे झाले, पण मी काही बोललो नाही.

"थंड आहे," एवढेच ते म्हणाले.

पुढे 2012 साली जहाज धोकादायक झाल्यामुळे ते संग्रहालय बंद झाले. ते वाचावे म्हणून काही लोक न्यायालयातही गेले. 2014 साली सुमारे 60 कोटी रुपयांना विक्रांत भंगारात विकली गेली आणि मुंबईतच दारूखान्याच्या किनाऱ्यावर ती तोडली. 2016 साली त्या लोखंडाचा अंश असलेली एक मोटारसायकल बाजारात आली. किनवटच्या एका तरुणाने ती घेतली आणि मोठ्या हौसेने चाचांना दाखवायला आणली. चाचांनी उन्हात तापलेल्या टाकीवर हात ठेवला आणि त्याला सांगितले, "तेल वेळेवर बदलत जा."

2 सप्टेंबर 2022 रोजी कोचीला नवी विक्रांत नौदलात दाखल झाली. जुन्या विक्रांतपेक्षा ती कितीतरी मोठी, आणि भारतातच बांधलेली. मी बातमी वाचून दाखवायला चाचांकडे गेलो. तिच्यात बॉयलर नाहीत, गॅस टर्बाइन आहेत, हे मी सांगताच त्यांनी मला थांबवले.

"म्हणजे वाफ नाहीच?"

"नाही, चाचा."

"मग खाली माणसे असतात की नाही?"

"असतात," मी म्हणालो. "पाळीपाळीने असतात."

"पुढे वाच," चाचा म्हणाले.