साडेबारा तासांचा हिशोब

पेज, ॲरिझोना. हे नाव तुम्ही बहुतेक ऐकलं नसेल, पण फोटो नक्की पाहिलाय. लाल-केशरी दगडाची चिंचोळी घळ आणि वरून आत पडलेला उन्हाचा झोत, तो अँटिलोप कॅन्यन. घोड्याच्या नालेसारखं वळण घेतलेली कोलोरॅडो नदी, तो हॉर्सशू बेंड. दोन्ही पेजच्या अगदी वेशीवर.

गाव म्हणजे साडेसात हजारांची वस्ती. १९५७ साली ग्लेन कॅन्यन धरणाच्या कामगारांसाठी वाळवंटात वसवलेलं. धरण झालं, कामगार गेले, गाव राहिलं. २०२३ मध्ये मार्च ते ऑक्टोबर मी तिथे होतो. टूर बुकिंग करणाऱ्या एका छोट्या कंपनीचं सॉफ्टवेअर बदलायचं होतं आणि आमच्या टीममध्ये 'बॅचलर, लगेच जाऊ शकतो' असा मी एकटाच! पोहे आणि तूरडाळ आणायला फीनिक्सला जावं लागे. एका बाजूने साडेचार तास. त्या निमित्ताने राज्य मात्र उभंआडवं पाहून झालं. फीनिक्सकडे हात वर करून उभे असलेले साग्वारो निवडुंग, मधे फ्लॅगस्टाफची पाइनची झाडं (हो, वाळवंटाच्या राज्यात चक्क बर्फ पडतो), आणि उत्तरेला आमचा उघडाबोडका लाल दगड.

पण आज सांगायचंय ते घड्याळाबद्दल.

अमेरिकेत मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढे करतात, नोव्हेंबरमध्ये मागे. ॲरिझोना करत नाही. १९६७ च्या उन्हाळ्यात त्यांनी एकदा करून पाहिलं. एकशेदहा फॅरनहाइटच्या गावात सूर्य आणखी तासभर उशिरा मावळायला लागल्यावर लोक वैतागले आणि १९६८ मध्ये राज्याने तो नाद सोडून दिला. आपणही घड्याळाला हात लावत नाही. त्यामुळे ॲरिझोना आणि भारत यांच्यातलं अंतर बाराही महिने तेवढंच, साडेबारा तास. न्यू जर्सीतल्या मित्रांच्या आयांना वर्षातून दोनदा नवा हिशोब शिकावा लागतो, माझ्या आईला कधीच नाही. माझा शनिवार रात्री आठ म्हणजे मिरजेत रविवार सकाळी साडेआठ. फोन ठरलेला. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, जन्मभर गाड्यांच्या वेळा लिहिल्या. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न नेहमी एकच, "तिकडं किती वाजले?" उत्तर त्यांना माहीत असायचं. तरी विचारायचे.

आता यातली गंमत. पेजच्या पूर्वेला आणि दक्षिणेला नावाहो लोकांचा प्रदेश पसरलाय. तो ॲरिझोना, युटा, न्यू मेक्सिको अशा तीन राज्यांत असल्यामुळे ते लोक उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात. त्यांच्या मधोमध होपी लोकांचा प्रदेश, ते करत नाहीत. ट्यूबा सिटीत रस्ता ओलांडून मोएनकोपीत गेलात की उन्हाळ्यात तुम्ही एक तास तरुण! अँटिलोप कॅन्यन नावाहोंच्या जमिनीवर, पण टूर पेजच्या वेळेवर. त्यात युटाची हद्द जवळ, त्यामुळे मोबाइल कुठला टॉवर पकडेल आणि किती वाजवेल याचा नेम नाही. आमच्या कंपनीची निम्मी भांडणं याच एका तासावरून. एकदा मीच ऑफिसला तासभर आधी पोचलो. चिडून फोनची ऑटोमॅटिक वेळ बंद केली आणि फीनिक्सवर कायमची लॉक करून टाकली. आणि विसरून गेलो.

दोन आठवड्यांनी, जुलैतल्या एका शुक्रवारी, बाबांची अँजिओग्राफी झाली. तीन ब्लॉकेज. सोमवारी बायपास. माझ्या पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला, गेलो तर परत कधी येता येईल याची खात्री नाही. "येऊ नकोस, तू येऊन काय कापणार आहेस?" बाबा म्हणाले. मीही फार हट्ट केला नाही. हे लिहायला आज जड जातंय, पण नाही केला.

नऊ वाजता त्यांना आत नेणार होते. त्याआधी साडेआठला बोलायचं ठरलं, म्हणजे माझे रविवारी रात्रीचे आठ. दिवसभर खोलीत बसवेना, म्हणून गाडी काढून दोन तासांवरच्या मॉन्युमेंट व्हॅलीला गेलो. येताना कायेंटाला थांबलो. फोनवर सात वीस. मी म्हटलं, ही नावाहोंची वेळ, म्हणजे आपले सहा वीस. भरपूर वेळ आहे. बॅटरी संपत आली होती, म्हणून फोन गाडीतच पॉवर बँकला लावला आणि निवांत जेवायला गेलो.

सूर्य टेकला होता. तिथे जुलैत सूर्य साडेसातच्या सुमारास मावळतो. चार महिने रोज बघत होतो. डोळ्यांना दिसत होतं, डोक्याला नाही.

परत आलो तर अंधार. फोनवर आठ चाळीस, सहा मिस्ड कॉल. चार आईचे, दोन बाबांचे.

"अरे, आत्ताच नेलं त्यांना," आई म्हणाली. "दारापर्यंत फोन हातात धरून होते."

एक तास मी वजा केला, जो फोनने आधीच वजा केलेला होता. एकच ऑफसेट दोनदा लावणं ही आमच्या धंद्यातली बालवाडीतली चूक. त्या महिन्यात दुसऱ्यांच्या कोडमधल्या अशा दोन चुका मीच शोधून दिल्या होत्या, वर शेरा मारून.

पुढे रस्त्यात नेटवर्क नसतं, म्हणून त्या पार्किंगमध्येच बसून राहिलो. रात्री दीडला आईचा फोन आला. ऑपरेशन झालं होतं. ठीक होते. मग मी गाडी चालू केली.

चार दिवसांनी बाबांशी बोलणं झालं. आवाज खोल गेलेला. मी माफी मागायला सुरुवात केली, तर मधेच तोडून म्हणाले, "तिकडं किती वाजले?"

"रात्रीचे आठ, बाबा."

"बरोबर," म्हणाले आणि आईकडे फोन दिला.

त्या दिवशी त्यांना काय सांगायचं होतं, ते मी अजून विचारलेलं नाही. व्हिसाचं काम मात्र त्याच आठवड्यात सुरू केलं आणि डिसेंबरात मिरजेला जाऊन आलो. स्टँडवर घ्यायला बाबा स्वतः आले होते. गाडी वीस मिनिटं लेट होती, ते त्यांनी मला आधी सांगितलं. मग बॅग घेतली.