दांडीच्या किनाऱ्यावरची नुकसानभरपाई

मालवणला जाऊन आलेला माणूस सिंधुदुर्ग किल्ल्याबद्दल बोलला नाही, तर आमच्या पांढरकवड्यात त्याच्या प्रवासावर कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणून सांगून टाकतो: किल्ला पाहिला, उत्तम आहे, 1664 साली कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी त्याचं काम सुरू केलं, आणि तिथे फोटो काढणाऱ्यांची गर्दी असह्य आहे. जेवणाचंही उरकतो. मी पैनगंगेच्या मरळीवर वाढलेला माणूस. समुद्राच्या माशाला वास मारतो हे माझं मत बांगड्याने पक्कं केलं आणि पेडव्यांच्या तिखल्याने डळमळीत केलं. पण जिथेतिथे खोबरं घालायची कोकणी खोड काही मला मानवली नाही. तिखटाने तिखटासारखं वागावं.

डॉल्फिन बघायला गेलो ती सकाळ तर वायाच गेली. देवबागच्या बाजूने होड्या निघाल्या. पाण्यात एक करडी पाठ दिसली की सगळ्या होड्या इंजिनं ताणून तिच्या मागे. आमच्या होडीतल्या एका गृहस्थांनी सोबत स्पीकर आणला होता आणि डॉल्फिनला संगीत आवडतं अशी त्यांची खात्री होती. टिपेश्वरला सफारीत वाघ दिसला की जिप्सींची अशीच झुंबड उडते. म्हटलं, एवढ्या लांब येऊन पुन्हा तेच.

तरी एकदा नीट दिसला. पाठीवर मांसल कुबड, त्यावर छोटासा पंख, पाण्यातून वर येऊन फुस्स करून सोडलेला श्वास. हा हंपबॅक डॉल्फिन, हिंदी महासागराच्या काठाकाठाने राहणारा. खोल समुद्रात तो सहसा जात नाही. त्याला उथळ पाणी लागतं, खाड्यांची तोंडं लागतात, म्हणजे नेमकं तेच पाणी जिथे लहान होड्यांची जाळी लागतात. जगभरातल्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे आणि आपल्या 1972 च्या वन्यजीव कायद्यात तो वाघासोबत पहिल्या अनुसूचीत आहे. होडीवाल्याला हे सांगावंसं वाटलं, पण स्पीकर चालू होता.

संध्याकाळी दांडीच्या किनाऱ्यावर गेलो. ही मच्छीमारांची जागा, पर्यटकांना तिथे फारसं काम नसतं. ओढून वर घेतलेल्या होड्या, वाळत घातलेला मासा, आणि भरतीच्या रेषेवर जाळ्याचा एक भला मोठा गोळा. हिरवी दोरी, पांढरा तंगूस, त्यात शिंपले, एक मेलेला खेकडा, कोणाची तरी चप्पल. मी तो पायाने उलटवायला गेलो, तर होडीच्या सावलीत जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी हाक मारली.

“ओ, पायात अडाकतला. खयसून इलात?”

यवतमाळ म्हटल्यावर ते “ता नागपुराकडे ना?” म्हणाले आणि बसायला एक फळी सरकवली. मी मनातलं बोलून टाकलं. काका, ही जाळी अशी समुद्रात टाकून का देता? कासवं अडकतात, डॉल्फिन अडकतात.

त्यांनी विणणं थांबवलं नाही. “जाळा कोण टाकून देता? पैशे काय झाडाक लागतत? ह्या खडपार अडाकला आसतला, नायतर ट्रॉलरान तोडल्यान.”

मग त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. रात्री जाळं पाण्यात सोडून होडी शेजारी थांबते. परराज्यातून आलेला एखादा वेगवान ट्रॉलर किनाऱ्याजवळ घुसतो आणि जाळं फरफटत नेतो. सकाळी हाताला फक्त टोकाची दोरी लागते. कधी जाळं पाण्याखालच्या खडपात असं अडकतं की ओढलं तर होडी कलंडेल, मग कापावंच लागतं. कधी वारा फिरतो. या सगळ्यात ज्याचं जाळं गेलं त्याचा हंगाम गेला. मला 2022 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आठवला. 7 देशांतल्या मच्छीमारांना विचारून केलेला, जगातलं सुमारे 2 टक्के मासेमारीचं साहित्य दरवर्षी समुद्रात हरवतं असं सांगणारा. वाचताना तो आकडा मला निष्काळजीपणाचा वाटला होता. बाबा बोलत होते तेव्हा तो कर्जाचा वाटायला लागला.

हरवलेलं जाळं काही बुडून गप्प बसत नाही. नायलॉन कुजत नाही, बोये त्याला उभं धरतात, आणि ते कोणासाठीही नाही अशी मासेमारी करत राहतं. पावसाळ्यात असल्या जाळ्यांत गुरफटलेली ऑलिव्ह रिडले कासवं आपल्या किनाऱ्यावर येऊन पडतात. डहाणूला त्यांच्यावर उपचार करणारं केंद्रच आहे. डॉल्फिनचं थोडं वेगळं. तो जास्त करून कामातल्या जाळ्यातच सापडतो. आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवर तो वाट काढतो, आणि बारीक तंगूस पाण्यात फारसा प्रतिध्वनीच देत नाही. शिवाय तो मासा नव्हे. श्वास घ्यायला त्याला वर यावंच लागतं, आणि शेपूट अडकली की काही मिनिटांत तो पाण्यातच गुदमरतो. मेक्सिकोजवळची व्हाकिटा ही त्याची चुलत भावंडं अशाच जाळ्यांनी संपत आली. आता दहाही उरली नसावीत.

“मगे अडाकलो तर काय करतात?” मी त्यांच्या भाषेत विचारायचा प्रयत्न केला. ते मनापासून हसले.

“कापूचा लागता. दुसरा काय?”

डॉल्फिन जाळ्यातले मासे खातो, जाळं फाडतो, त्याच्याबद्दल बाबांना काडीचं प्रेम नव्हतं. पण मारायचा विचारही त्यांच्या बोलण्यात कुठे आला नाही. आणि जाळं कापायचं म्हणजे स्वतःचंच. यावर राज्य सरकारची एक योजना आहे, डिसेंबर 2018 पासूनची: संरक्षित प्राणी सोडवताना जाळ्याचं नुकसान झालं तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई. मला ती कागदावर वाचल्यापासून आवडलेली. देशभर दंडाच्या भाषेत बोलणाऱ्या कायद्याने इथे सुरी चालवणाऱ्याच्या बाजूने विचार केला. बाबांना ती माहीत होती. त्यांच्या वाडीत कोणाला तरी पैसे मिळालेही होते. फक्त पुरावा म्हणून प्राणी सोडवतानाचे फोटो लागतात.

“एका हातान सुरी, दुसऱ्या हातान जाळा,” बाबा म्हणाले. “मोबाईल काय दातात धरू?”

इथे माझी कळी खुलली. भरपाई हा माझा विषय. रानडुकरांनी एका रात्रीत लोळवलेला हरभरा, पंचनाम्याला येणाऱ्याची वाट बघत तसाच पडू द्यायचा, कारण आवरला तर पुरावा गेला. सातबारा, आधार, बँकेचं पासबुक, पुन्हा सातबारा. बाबा ऐकत राहिले. डुकरं किती, कुठून येतात, गोळी का घालत नाही, सगळं त्यांनी विचारलं. मग मी तेही सांगितलं जे गावात आम्ही मोठ्याने बोलत नाही. कंटाळलेला कोणीतरी बांधावर मोटारसायकलच्या क्लचवायरचा फास लावतो. डुकरासाठीच लावतो. पण त्या वाटेने वाघही जातो, आणि गळ्यात तार रुतलेली वाघीण आमच्या टिपेश्वरात दिसली आहे. 2019 साली इथलाच एक तरुण वाघ शेतांमधून चालत थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत गेला, तेव्हा सगळ्या देशाने त्याच्या किलोमीटरचं कौतुक केलं. आम्ही मनात म्हटलं, एवढे बांध ओलांडून गेला, एकाही फासात सापडला नाही, हे खरं नवल.

“वाघाक सोडवूक कोण जाता?”

डॉक्टर येतात, बेशुद्ध करायची बंदूक घेऊन. गाड्या, माणसं, पिंजरा.

“आणि फोटो?”

तो काढायला तर गर्दी असते, मी म्हटलं.

बाबा यावर बराच वेळ हसत होते. हसता हसता विणायची सुई वाळूत पडली, तीही त्यांनी मला शोधायला लावली.

अंधार पडायच्या आत त्यांनी आणि त्यांच्या नातवाने तो जाळ्याचा गोळा वर ओढला. मीही हात लावला. ओलं जाळं इतकं जड असतं याची मला कल्पना नव्हती. बाबांनी बोये कापून घेतले, शिसे काढून खिशात टाकले, दोरीचा बरा तुकडा वेगळा केला. उरलेलं माझ्याकडे सरकवत म्हणाले, “घेवन जावा. शेताक कुंपण घाला, डुकरा येवची नायत.”

वांग्यांच्या वाफ्यांना इथे असंच जुनं जाळं लावलेलं मी सकाळी पाहिलं होतं. क्षणभर मोह झाला. पण डुक्कर त्याला मुसंडी मारून आरपार जाईल, आणि मागे अडकतील ससे नि घोरपडी. मी नको म्हटलं.

“मगे ऱ्हवांदे,” ते म्हणाले, आणि नातवाला त्याचे बारीक तुकडे करायला सुरी दिली.