वाळवीला आवतण

आपल्याकडे घराच्या वाशाला वाळवी लागली की घरधनी धास्तावतो. उसाच्या बेण्याला लागली तर विचारायलाच नको. पण पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशात, ज्याला १९८४ पर्यंत अप्पर व्होल्टा म्हणत, यातेंगा भागातले शेतकरी वाळवीला मुद्दाम शेतात बोलावतात.

मुलूख आपल्या दुष्काळी पट्ट्यासारखाच. पाऊस जून ते सप्टेंबर, पिके ज्वारी आणि बाजरी. १९७० नंतरच्या दुष्काळांत तिथे झाडे गेली, पालापाचोळा संपला आणि उघड्या मातीवर खापरासारखी पापडी धरली. पाऊस पडला तरी मुरेना, वाहून जाई. कितीतरी घरांतली कर्ती माणसे पोटासाठी दक्षिणेला आयव्हरी कोस्टमध्ये गेली.

गुर्गा गावच्या याकुबा सावादोगो यांनी १९८० च्या सुमारास अशाच पडीक रानात 'झाई' ही जुनी पद्धत सुधारून घेतली. ऐन उन्हाळ्यात कुदळीने २० ते ४० सेंटिमीटर रुंद, १० ते २० सेंटिमीटर खोल आळी खणायची आणि प्रत्येकात ओंजळभर शेणखत टाकायचे. पावसाआधीच जमीन उकरतो म्हणून लोकांनी त्यांना वेड्यात काढले.

ते खत खायला वाळवी येते. खाली-वर बिळे पाडत ती कडक जमीन आतून पोखरते. पहिला पाऊस आळ्यात साचतो आणि त्या बिळांतून खोल मुरतो. वाळवीने फोडलेले खतही पिकाला लवकर लागू होते. नांगराने पापडी फुटेल हो, पण चार सरींत ती पुन्हा धरते. आपल्या उसात मात्र हा प्रयोग कुणी करू नये!

शेणखत तोंडी लावण्यापुरतेच असेल, तर सगळ्या रानात फिसकटण्यापेक्षा बी पडेल तिथेच द्यावे, हा हिशेब मला फार पटला. मेहनत मात्र हाड मोडणारी. हेक्टरी दहा हजारांच्या वर आळी. घरात हात कमी असतील तर दरवर्षी थोडेथोडेच रान धरावे.

शेणातून आलेल्या झाडांच्या बियाही आळ्यांत रुजल्या. सावादोगोंनी ती रोपे उपटली नाहीत, जपली. त्यांचे तिथे जंगल झाले. २०१८ साली त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, डिसेंबर २०२३ मध्ये ते वारले. अलीकडच्या हिंसाचाराने त्या भागातली अनेक घरे परागंदा झाली आहेत. झाई मात्र शेजारच्या नायजर आणि मालीतल्या शेतांत पोचली आहे.