हिंदी, पो!

बोटीवर नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्यानं फिलिपाइन्समधली, बातांगासची बायको केली. पहिल्याच दिवशी ताईनं तिच्या पानात दुसरी पुरणपोळी वाढली, तशी ती गडबडून म्हणाली, ''हिंदी, पो!'' ताईनं सरळ अर्थ लावला : हिंदीत बोला आणि पोळी वाढा. ''लेव ना और एक, लाजो मत,'' असं खास पुणेरी हिंदी बोलत तिनं तिसरी वाढली. चौथीच्या वेळी भाचा मध्ये पडला म्हणून निभावलं. तगालोग भाषेत 'हिंदी' म्हणजे 'नाही' आणि 'पो' हा वडीलधाऱ्यांशी बोलताना लावायचा आदराचा शब्द. पोर बिचारी 'नको हो' म्हणत होती!

भाचा पंधरा दिवसांनी बोटीवर जायचा होता. ताई म्हणाली, ''ती इंग्रजी बोलते रे, पण तिच्या भाषेत बोलणारं एक तरी माणूस घरात नको? तू शीक.'' मी बी.कॉम. झालो तो तीन वर्षं ताईकडे राहून, जेवून. 'हिंदी, पो' म्हणायची सोय नव्हती.

सुरुवात सोपी गेली. 'मुखा' म्हणजे चेहरा, 'गुरो' म्हणजे शिक्षक. आपलं संस्कृत कधीकाळी समुद्र ओलांडून तिकडे पोचलेलं. 'दुखा' म्हणजे गरीब. हे तर महिनाअखेरीस कुठल्याही कारकुनाला कळेल. १५६५ ते १८९८ तिकडे स्पॅनिश राज्य, त्यामुळे बूट 'सापातोस'. आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणलेल्या सपातांचे सख्खे भाऊ. 'महाल' म्हणजे प्रिय, आणि महागसुद्धा. सौ. म्हणाली, ''पैठणीच्या दुकानात चला, दोन्ही अर्थ एकदमच पाठ होतील.''

घोटाळा केला तो माझ्याच मराठीनं. गोष्ट संपवताना 'असो' म्हणायची मला सवय, आणि त्यांच्याकडे 'आसो' म्हणजे कुत्रा. दर वेळी ती खुर्चीखाली वाकून बघायची.

मग एके दिवशी 'उतांग ना लोओब' भेटलं. उतांग म्हणजे कर्ज, लोओब म्हणजे आतलं. आतलं कर्ज, उपकाराचं. मी वीस वर्षं बँकेत कर्जखात्याच्या टेबलावर बसतो, पण असलं खातं पाहिलं नव्हतं. जामीन नाही, तारण नाही, व्याज नाही, आणि कितीही भरलं तरी 'कर्ज फिटलं' असा दाखला मिळत नाही. शब्द वहीत उतरवताना ताईनं भल्या पहाटे उठून भरलेले माझे कॉलेजचे डबे आठवले.

भाचा गेला त्या रात्री ती गॅलरीत एकटीच उभी होती. ताईनं मला बोलावून घेतलं. मी धीर करून विचारलं, ''कुमाइन का ना बा?'' म्हणजे, जेवलीस का?

तिनं वळून पाहिलं. डोळे भरलेले, पण ओठांवर हसू. ''हिंदी पा पो, तीतो.'' अजून नाही, काका.

स्वयंपाकघरातून ताई ओरडली, ''पोळीच म्हणाली ना? आणते हं!''

या खेपेला तिचं भाषांतर अगदी बिनचूक होतं.