मरोळची आगोट आणि मोजून चालणे

मरोळ नाक्यावर आता दोन मेट्रो एकमेकींना भेटतात. वर्सोवा-घाटकोपर मार्ग २०१४ पासून डोक्यावरून धावतो, तर २०२४ मध्ये सुरू झालेली भुयारी मेट्रो पायांखालून. धडधाकट माणूस हा नाका सहज ओलांडतो. हार्ट फेल्युअर असलेल्या वृद्धाच्या मनात मात्र मरोळचा नकाशा निराळा असतो : लिफ्ट कोठे आहे, सावली कोठपर्यंत पुरते, टेकायला कट्टा कोठे मिळेल.

हार्ट फेल्युअर हे नावच घाबरवणारे. हृदय बंद पडले, असा त्याचा अर्थ नव्हे. शरीराला लागेल तेवढे रक्त पुरवण्यात ते कमी पडू लागते. दम लागतो, पावले सुजतात, आणि घरची माणसे मायेपोटी रुग्णाला अंथरुणाशी बांधून ठेवतात. एके काळी डॉक्टरही विश्रांतीच सांगत. पण उतारवयात पडून राहिल्याने पायांचे स्नायू झपाट्याने झिजतात आणि मग तेवढ्याच कामाला अधिक दम लागतो. व्यायामाचा बराचसा लाभ हृदयापेक्षा या स्नायूंना होतो. रक्तातला प्राणवायू ते अधिक चांगला वापरू लागतात.

माझ्या ७४ वर्षांच्या सासूबाई इस्पितळातून घरी आल्या, तेव्हा न्हाणीघरापर्यंत जाताना दोनदा थांबत. डॉक्टरांच्या संमतीने फिजिओथेरपिस्टने आरंभ केला तो खुर्चीवरून उठण्या-बसण्याने, पाच वेळा, हाताचा आधार घेऊन. मग इमारतीच्या पॅसेजमध्ये दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्या, मध्ये विसावा. ‘आता या वयात त्यांना कशाला चालवता?’ असे नातेवाईक विचारीत. सासूबाईंचे उत्तर ठरलेले : ‘आगोटीच्या बाजाराला मला स्वतः जायचंय.’

मरोळचा सुक्या मासळीचा बाजार प्रसिद्ध आहे. पावसाळ्याआधीची ही बेगमी कोकणातल्या माणसाला सणासारखीच. पण खारवलेली मासळी म्हणजे मीठ, आणि मिठामुळे अंगात पाणी साठते. म्हणून करार असा झाला की बाजार त्या करतील, खारा बांगडा मात्र इतरांच्या पानात पडेल. हा करार त्यांना फारसा रुचला नाही, हेही सांगितले पाहिजे.

पुढचा सराव गावठाणातल्या आतल्या गल्ल्यांत, घडीचे स्टूल बरोबर घेऊन. या गावठाणाला आजारपणाची जुनी आठवण आहे. आज सीप्झच्या आवारात भग्नावस्थेत उभे असलेले १५७९ चे चर्च साथीमुळे १८४० मध्ये ओस पडले आणि तेथील वस्ती मरोळला येऊन वसली.

अमेरिकेत ६० वर्षांवरील ३४९ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चालण्याबरोबर ताकद, तोल आणि हालचालीची सहजता यांवर भर होता. इस्पितळातच सुरुवात करून पुढे बारा आठवडे हा व्यायाम चालला. तीन महिन्यांनी या वृद्धांची हालचाल स्पष्टपणे सुधारली. पुन्हा इस्पितळात दाखल होण्याचे प्रमाण मात्र लक्षणीय घटले नाही. व्यायामाकडून काय मागावे, हे यावरून कळते; औषधे तर चालू ठेवायचीच.

किती चालावे, याला आमच्याकडे घड्याळापेक्षा बोलण्याची कसोटी अधिक उपयोगी पडली. चालताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. शब्द तुटू लागले की थांबायचे. नाडीच्या ठोक्यांवर विसंबू नये, कारण काही औषधे ते मुद्दाम मंद ठेवतात. जेवणानंतर तासभर चालू नये. सकाळी वजन करावे : दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, सूज चढली किंवा बसल्या जागी दम लागला, तर व्यायाम बंद ठेवून डॉक्टरांना कळवावे. छातीत दुखले किंवा भोवळ आली, तर थेट इस्पितळ.

यंदा मे महिन्यात सासूबाई बाजारात गेल्या. वाटेत तीनदा बसल्या. रिक्षा मागाहून येत होती, तिची गरज परतताना लागली. सुकटीच्या भावावरून मासळीवालीशी त्यांची हुज्जत जुंपली, आणि ती पूर्ण वाक्यांत होती. सध्या पाऊस आहे, त्यामुळे फेऱ्या पुन्हा पॅसेजमध्येच. चौथ्या मजल्यावरच्या शेजारीणबाईही आता त्यांच्याबरोबर चालतात.